मोत्याचं वेज

फुलंब्रीत मोती पिकत नाही. इथं आलं पिकतं, मका पिकतो, कापूस पिकतो, आणि त्याचा पैसा हातात आला की तुळशीच्या लग्नानंतर माणसं सराफाची पायरी चढतात. लग्नसराईच्या अंकासाठी मोती-रत्नांवर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात हैदराबाद होतं. मी फुलंब्रीचं नाव काढलं. संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावात एक वयस्कर सोनार अजून जुन्या नथी उसवून पुन्हा बांधून देतात, असं कानावर आलं होतं. नाव छापायचं नाही, ही त्यांची अट. गाव त्यांना मामा म्हणतं, मीही तेच म्हणतो.

संपादकांचं अगदीच चुकलं नव्हतं. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाचा होता. विसावं शतक उजाडता उजाडता मनमाड-हैदराबाद रेल्वे सुरू झाली आणि मराठवाड्यातल्या ऐपतदार घरांना चारमिनारजवळचा पत्थरगट्टीचा बाजार जवळ आला. पुण्याकडची घरं मुंबईच्या मोत्याकडे बघत, इकडची हैदराबादच्या. मोती मात्र दोन्हीकडे बहुतेक एकाच पाण्यातला, इराणच्या आखातातला. आपण त्याला बसरा म्हणतो, पण बसरा ही पेठ. मोती निघायचा बहारीन, कतार, कुवेतच्या समुद्रात. तिथला माल मुंबईत यायचा. तो निवडणं, त्याला वेज, म्हणजे आरपार छिद्र, पाडणं, प्रतवारीनं लडी बांधणं हे सगळं मुंबईत व्हायचं. जपानच्या मिकिमोतोनं १८९३मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती तयार करून दाखवला, पुढे पूर्ण गोल मोतीही वाढवता येऊ लागला. त्यातच १९२९ची जागतिक मंदी आली आणि आखातातला मोतीधंदा बसला. १९३२मध्ये बहारीनमध्ये तेल लागलं, मग पाणबुड्यांनाही दुसरी रोजी मिळाली.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच रस्त्यानं पुढे गेलं की अजिंठा. तिथल्या भिंतींवर मोत्यांची नुसती लयलूट आहे: गळ्यात सर, दंडावर सर, मुकुटात सर. पण कुठल्याच बाईच्या नाकात काही नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी १९३०च्या दशकात नथीच्या प्राचीनत्वावर एक निबंध लिहिला. इसवी सन १०००च्या आधीच्या भारतीय साहित्यात-शिल्पात नाकातला दागिना सापडत नाही, असं त्यांनी त्यात मांडलं. जिला आपण परंपरेचा कळस समजतो ती नथ अजिंठ्याच्या राण्यांना ठाऊकच नव्हती.

मामांना या इतिहासात रस नाही. त्यांचं सगळं लक्ष वेजावर.

त्यांच्यापुढे नथ ठेवली की आपण पाणी बघतो, गोलाई बघतो, मधला डाळिंबी खडा बघतो. मामा डोळ्याला भिंग लावून आधी मोत्याचं तोंड बघतात. मग मऊ, बारीक तार घेऊन ती हलकेच आत सरकवतात. जुन्या मोत्यात तार मध्यावर किंचित अडते. हाताला कळेल न कळेल एवढंच. मामा म्हणाले, "हे हाताचं वेज." कमानीच्या सामत्यानं मोती विंधायचा तर लाकडाच्या खाचेत तो घट्ट बसवायचा, वर पाण्याचा थेंब सोडत राहायचा, अर्ध्यापर्यंत एका बाजूनं जायचं आणि मग उलटून दुसऱ्या बाजूनं. आरपार एकाच दमात गेलं तर पलीकडच्या तोंडाला टवका उडतो. दोन्ही बाजूंची वेजं आत भेटतात, पण केसभर चुकून. तार अडते ती तिथं.

वेज बारीक ठेवण्यामागे हिशेब होता. अस्सल मोती वजनावर विकला जाई, आणि तोही साध्या वजनावर नाही. मुंबईच्या बाजाराचं माप म्हणजे चव. मोत्यांचं वजन टांक या मापात घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, ३३०नं गुणायचं आणि मोत्यांच्या संख्येनं भागायचं. म्हणजे एका मोत्याचं वजन दुप्पट झालं तर किंमत चौपट. उलटही तेवढंच खरं: वेज रुंद झालं, भुकटी जास्त उडाली, तर तोटा वजनाच्या वर्गानं. विंधणाऱ्याच्या हाताला कंप सुटणं मालकाला किती महाग पडत असेल, याचा मी हिशेब करून बघितला आणि सोडून दिला.

या वेजाचं परदेशातही कौतुक झालं. कल्चर्ड मोती बाजारात आल्यावर पॅरिसचे जवाहिरे धास्तावले, तेव्हा १९२०च्या दशकात तिथं एक यंत्र निघालं. पोकळ सुई, तिच्या आत दोन इवलेसे आरसे. सुई वेजात घालायची आणि प्रकाश सोडायचा. अस्सल मोत्यात थरांवर थर असतात, कांद्यासारखे. प्रकाश त्या थरातून गोल फिरून दुसऱ्या आरशावर येतो. आत शिंपल्याचा मणी घालून वाढवलेला मोती असेल तर प्रकाश भरकटतो. अनवीद, म्हणजे वेज न पाडलेल्या, मोत्यावर हे यंत्र हतबल. आता क्ष-किरणांनी काम होतं, वेजाची गरज उरली नाही. पण मोत्याच्या खरेपणाचा पुरावा त्याच्या पोटातल्या त्या बोगद्यातून वाचता येत होता, हे मला फार आवडलं. मामांना सांगितलं तर म्हणाले, "आम्ही तारेनंच बघतो."

रत्नांचं थोडक्यात. हाच मुलूख एकेकाळी दगड निर्यात करायचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रंथ पैठणहून भडोचच्या बंदरात जाणाऱ्या अकीकाच्या दगडांचा उल्लेख करतो. नथीतला लाल खडा मात्र बाहेरचाच. पूर्वी ऐपत असेल तर ब्रह्मदेशचं माणिक. वेर्नेई या फ्रेंच माणसानं १९०२मध्ये भट्टीत माणिक बनवण्याची कृती जाहीर केली, तेव्हापासून लाल रंग स्वस्त झाला. मामांच्या मते नथीत खडा खोटा चालतो, मोती नाही. मला हे पटत नाही, पण वाद घातला नाही.

आता अडचण. २०१५ला 'बाजीराव मस्तानी' आला आणि नथीची हौस पुन्हा उफाळली. नाक टोचलेलं नसलं तरी चालेल अशी दाबाची नथ सगळ्यांना हवी झाली. ती चिमट्यासारखी घट्ट बसायची तर तार जाड आणि ताठ लागते. नव्या नथीत काही अडत नाही. तिच्यातला मोती चीनच्या तळ्यातला, यंत्रानं विंधलेला, वेज ऐसपैस. घोळ जुन्या नथीत होतो. आजीची नथ नात घेऊन येते आणि म्हणते, मामा, हीच दाबाची करून द्या. मोती बसरा, वेज केसाएवढं, तार जाड. मग एकच उपाय उरतो, वेज मोठं करणं.

मामा ते करत नाहीत. वेज रुंदावलं की हाताच्या कामाची ती मधली अडखळण पुसली जाते, वजन घटतं, आणि घामानं, हळदीनं, अत्तरानं आधीच झिजलेल्या पातळ मोत्याला तडा जातो. मोत्याचा थर म्हणजे शेवटी चुन्याचंच एक रूप, आंबटाला भिणारं. तडा गेला की तो मोती काढून त्याच्या जागी चिनी मोती ओवला जातो, आणि घरातल्या कोणाला कळतही नाही.

कळावं कसं? दोन ग्रॅमहून हलक्या सोन्याच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि कित्येक नथी तेवढ्यातच बसतात. मोत्याला तर शिक्काच नसतो. म्हणून मामा नथ उसवायच्या आधी गिऱ्हाइकासमोर मोती मोजतात, तोलतात, पुडीवर आकडा लिहितात आणि गिऱ्हाइकाची सही घेतात. बायका हसतात. एकीनं विचारलंही, "मामा, आमचा भरवसा नाही का?" ते म्हणाले, "तुमचा माझ्यावर नसावा, म्हणून लिहितो."

त्यांची मजुरी मात्र परवडत नाही. जुनी नथ सोडवणं, मोती धुणं, तार जंत्रीतून ओढून वेजाजोगी करणं, पुन्हा गुंफणं, यात दिवस जातो. २०२५मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेलं. सोन्याला एवढं मोजल्यावर गिऱ्हाइकाला मजुरीचे पाचशे जड वाटतात. एक ग्रॅमच्या मुलाम्याच्या नथी तयार येतात, पुठ्ठ्यावर टोचलेल्या, दहा नमुन्यांत. मोडली तर टाकून द्यायची. शहरातल्या पेढ्यांची घडाई पुष्कळशी बंगाली कारागिरांच्या हातात गेली आहे. ते कुंदनात वाकबगार आहेत, पण महाराष्ट्रीय नथीची गुंफण त्यांना कोणी शिकवलेली नसते. समोर नमुना ठेवला तर हुबेहूब करतात, आणि नमुने आता पुठ्ठ्यावरचेच आहेत.

मी तिथं होतो त्या दुपारी सिल्लोडकडची एक माय-लेक सात मोत्यांची नथ घेऊन आली होती. लग्न आठवड्यावर. मामांनी तार सरकवून बघितली, दोनदा बघितली, आणि सांगितलं की टोचलेल्या नाकात घालायची असेल तर चार दिवसांत बांधून देतो, दाबाची होणार नाही. मुलीनं नाक टोचून घ्यायला साफ नकार दिला. दोघी थोडा वेळ आपसात बोलल्या, नथ पुडीत बांधून पर्समध्ये टाकली आणि बाजारातल्या दुसऱ्या दुकानात गेल्या. तासाभरानं परत जाताना आई मुद्दाम सांगायला थांबली: झालं काम, वेज मोठं करून दिलं, मजुरीही कमी घेतली. मामांनी विचारलं, मोती सातही तेच आहेत ना? तिनं मोजले नव्हते.