गाडीतले ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले?

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही अनसिंगहून पुसदला निघालो होतो. गाडीत अम्मी, भाभी, चार मुले आणि आम्ही दोघे भाऊ. सामानही बरेच होते. ऊन तापलेले. पुसदच्या अलीकडे घाट उतरताना धाकट्या भावाने वळणावळणाला ब्रेक दाबला आणि एका वळणावर तो हळूच म्हणाला, "भाईजान, पेडल मऊ लागतंय." पुढच्या वळणावर पेडल थेट खाली गेले.

भावाने घाबरून गाडी न्यूट्रल केली नाही. एकेक गियर खाली आणला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी थांबवली. मागे बसलेल्या मुलांना काही कळलेही नाही. आमचे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

अर्ध्या तासाने पाहतो तर ब्रेक पूर्वीसारखाच कडक! पुसदच्या पहिल्या गॅरेजमध्ये मेकॅनिकने पेडल दाबून पाहिले आणि "ब्रेक तर चांगले लागतात, सर" असे म्हणून आम्हाला मोकळे केले. समाधान झाले नाही म्हणून दुसऱ्या, वयस्कर मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडून एका छोट्या डबीचे झाकण काढले. आतला द्रव काळ्या चहासारखा झाला होता. त्यांनी विचारले, "हे शेवटचं कधी बदललं, सर?" आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. गाडी घेऊन सहा वर्षे झाली होती. इंजिन ऑइल आम्ही वेळेवर बदलत होतो, पण हे एकदाही नाही.

नाव ऑइल, पण तेल नाही

आपल्याकडे सर्रास 'ब्रेक ऑइल' म्हणतात, पण हे तेल नव्हे. बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल नावाच्या रसायनांपासून बनवलेले असते. आपण पेडल दाबले की हा द्रव दाब चाकापर्यंत पोचवतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पसरतो, हा पास्कलचा नियम आम्ही वर्गात शिकवतो. तो टिकतो याचे कारण द्रव दाबून लहान होत नाही.

ग्लायकॉलची खोड अशी की ते हवेतला ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली तर मीठ ओले होते, तसेच. डबी बंद असली तरी रबरी नळ्यांतून आणि झाकणातून थोडा थोडा ओलावा आत जातोच. घाटात सतत ब्रेक दाबला की चाकाजवळचे भाग खूप तापतात. ओलावा शिरलेला द्रव लवकर उकळतो आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली की दबते, म्हणून पेडल खाली जाते आणि चाकाला दाब मिळत नाही. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ब्रेक ठीक वाटतो. पहिल्या मेकॅनिकला म्हणूनच दोष दिसला नाही.

डॉट 3, डॉट 4 म्हणजे काय?

डबीच्या झाकणावर 'डॉट' आणि एक आकडा लिहिलेला असतो. ही अमेरिकेच्या परिवहन विभागाची प्रतवारी आहे आणि आपल्याकडेही तीच चालते. नवा डॉट 3 किमान 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. डॉट 4 साठी हीच मर्यादा 230 आणि डॉट 5.1 साठी 260 अंश आहे. सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरले की हे आकडे अनुक्रमे 140, 155 आणि 180 वर येतात. एवढ्याशा पाण्याने 60 ते 80 अंशांचा फरक पडतो.

डॉट 5 मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो सिलिकॉनचा असतो आणि बाकीच्यांत मिसळत नाही. आपल्या रोजच्या गाड्यांत तो घालू नये. डॉट 5 आणि 5.1 ही नावे सारखी वाटतात, म्हणून बाटली घेताना नीट वाचावे. झाकणावर जे लिहिले असेल तेच घालावे.

रंगावर किती विश्वास ठेवावा?

डॉट 3, 4 आणि 5.1 हे नवे असताना पाण्यासारखे किंवा फिकट पिवळे असतात. डॉट 5 ला जांभळा रंग देतात, म्हणजे चूक होऊ नये. काही विदेशी गाड्यांत खनिज तेल वापरत, त्याचा रंग हिरवा ठेवलेला असतो. द्रव तपकिरी किंवा काळा झाला तर तो बदलायलाच हवा. पण स्वच्छ दिसतो म्हणून तो चांगला असेलच असेही नाही, कारण पाणी डोळ्यांना दिसत नाही. काही गॅरेजमध्ये ओलावा मोजण्याचे पेनासारखे यंत्र असते, त्याने तपासून घ्यावे. नाहीतर साधारण दर दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिले असेल त्याप्रमाणे, पूर्ण द्रव बदलून ब्रेकची एअर काढून घ्यावी. नुसते वरून भरल्याने जुने पाणी आतच राहते.

कायदा काय सांगतो?

प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना फिटनेस प्रमाणपत्र लागते. आठ वर्षांपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी घ्यावे लागते. आपल्या खासगी कारची नोंदणी मात्र पंधरा वर्षांसाठी असते. एवढी वर्षे आरटीओमध्ये कोणी तिचा ब्रेक तपासत नाही, म्हणून ती जबाबदारी घरच्यांचीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 नुसार सदोष गाडी रस्त्यावर आणल्यास दीड हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्या दोषामुळे कोणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

मात्र प्रत्येक वेळी दोष ब्रेकचाच असतो असेही नाही. 20 नोव्हेंबर 2022 रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळ उतारावर एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली. आधी ब्रेक फेल झाल्याची चर्चा होती. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांनी नंतर सांगितले. तेव्हा उतारावर गाडी गियरमध्येच ठेवावी.

घरात एवढे लक्षात ठेवा

डबीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. महिन्यातून एकदा पातळी पाहा. ती उतरली असेल तर ब्रेक पॅड झिजले आहेत किंवा कुठेतरी गळती आहे, हे मिस्त्रीला दाखवा. डिस्क ब्रेकच्या मोटारसायकलला हँडलजवळ अशीच छोटी डबी असते, तीही तपासा.

डबीत इंजिन ऑइल किंवा दुसरे तेल चुकूनही घालू नका. त्याने आतली रबरे फुगतात आणि ब्रेक निकामी होतात.

उघडलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. हा द्रव विषारी आहे, तो सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. मुलाने चुकून प्यायला तर बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. गाडीच्या रंगावर सांडला तर रंग निघतो, लगेच पाण्याने धुवा.

आणि मुले ज्या व्हॅनने किंवा ऑटोने शाळेत जातात, त्या चालकदादांना एकदा आपुलकीने विचारा, "दादा, ब्रेक ऑइल कधी बदललं?" त्यात संकोच कसला?

पुसदच्या त्या मिस्त्रींनी जुने द्रव काढून नवे भरले, चारही चाकांची एअर काढली. जो खर्च आला, तो आम्ही ईदच्या मिठाईवर केलेल्या खर्चापेक्षा कमी होता. परतताना तोच घाट आम्ही चढलो, आणि अम्मींनी घरी पोचल्यावर पहिला प्रश्न विचारला, "ते काळं पाणी पुन्हा कधी बदलायचं?" आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन वर्षांनंतरचा महिना लिहून ठेवला आहे.