तबकडी काढा, कॉम्प्युटर पळेल

सात-आठ वर्षं जुना कॉम्प्युटर रखडतो म्हणून दुकानात नेला, की उत्तरं ठरलेली असतात. ‘फॉरमॅट मारून देतो’ किंवा ‘आता याच्यात काही राम नाही, नवीनच घ्या.’ पहिल्या उपायाने महिना-दोन महिने बरे जातात आणि मग पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्याने खिशाला चांगलीच कात्री लागते. या दोहोंच्या मधला उपाय म्हणजे आतली हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवणं. खर्च नव्या मशीनच्या मानाने अगदी थोडा, आणि फरक असा की घरातल्या ज्येष्ठांनाही न सांगता कळतो.

पण पैसे काढण्याआधी दुखणं कुठे आहे ते पाहावं. विंडोज सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. सीपीयू दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत बसलाय आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांना चिकटून आहे, असं कितीतरी वेळ दिसत राहिलं तर चोर सापडला म्हणायचा. विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्यांत तिथेच एचडीडी की एसएसडी हेही लिहिलेलं असतं. एसएसडी असूनही मशीन रखडत असेल, तर पुढचं वाचून तुमचं काम होणार नाही.

हार्ड डिस्कच्या डबीत खरोखरच तबकड्या फिरत असतात आणि एक दांडा त्यांवरून आतबाहेर सरकत हवी ती माहिती वाचतो. आयबीएमने १९५६ मध्ये आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. त्या मिनिटाला १२०० फेऱ्या घेत आणि सगळ्या मिळून जेमतेम ५० लाख अक्षरं साठवत. सीगेटची ७२०० फेऱ्यांची बाराकुडा आली १९९२ मध्ये. त्यानंतर घरगुती डिस्क तिथेच थांबली: डेस्कटॉपमध्ये बहुधा ७२०० फेऱ्या, लॅपटॉपमध्ये ५४००. साठवण लाखो पटींनी वाढली, फिरण्याचा वेग छत्तीस वर्षांत सहापट झाला आणि मग हललाच नाही.

हिशेब करून पाहा. मिनिटाला ५४०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा दांड्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच. दांडा योग्य वर्तुळावर सरकायला आणखी दहा-बारा. एकूण सेकंदाला फार तर साठेक ठिकाणची माहिती वाचून होते. एखादा सिनेमा सलग वाचायचा असेल तर हे जाणवतही नाही, कारण दांडा एकदा पोचला की सेकंदाला शंभरेक एमबी सहज ओढतो. विंडोज सुरू होताना मात्र हजारो बारीक फायली लागतात, आणि त्या डिस्कभर विखुरलेल्या असतात. त्यातच अँटिव्हायरसची तपासणी आणि अपडेट सुरू होतात. किराणा दुकानात एकच पोऱ्या असावा आणि चार गिऱ्हाइकांनी आपापली यादी एकदम वाचायला घ्यावी, तशी दांड्याची गत होते. वेळ सामान मोजण्यात जात नाही, या फळीकडून त्या फळीकडे धावण्यात जातो.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तोशिबा कंपनीत असताना फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेली फ्लॅश मेमरी, जी आज प्रत्येक मोबाइलमध्ये आहे, तीच इथे चिपांवर असते. कुठलीही जागा वाचायला साधारण एक दशांश मिलिसेकंद लागतो, हार्ड डिस्कच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. म्हणूनच खोक्यावर ठळक छापलेला ‘सेकंदाला ५५० एमबी’ हा आकडा मला दुय्यम वाटतो. तो पाचपट फायदा झाला. खरा फायदा शंभरपट आहे आणि तो खोक्यावर कुणी छापत नाही. जुन्या मदरबोर्डवर साटाची, म्हणजे डिस्क जोडण्याच्या पद्धतीची, दुसरी पिढी असेल तर तो ५५० चा आकडा निम्म्यावर येतो. येऊ दे. मशीन तरीही पळतं.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर घरबसल्या मागवा, आधी आपल्या मशीनमध्ये काय बसतं ते माहीत हवं. जुन्या लॅपटॉपला आणि डेस्कटॉपला अडीच इंची साटा एसएसडी चालते. डेस्कटॉपसाठी साटा केबल आणि पॉवर सप्लायची मोकळी पिन आहे ना, तेवढं पाहून ठेवा. थोड्या नव्या लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या एम-डॉट-टू एसएसडीची खाच असते. इथे लोक फसतात. ही पट्टी साटा आणि एनव्हीएमई अशा दोन प्रकारांत मिळते, दिसायला सारखीच, पण एकीच्या खाचेत दुसरी चालेलच असं नाही. मॉडेल नंबर दुकानदाराला दाखवूनच घ्या. सेकंदाला ३५०० एमबी वाचणाऱ्या एनव्हीएमईचा मोह जुन्या मशीनसाठी धरू नये. ब्राउझर, वर्ड, टॅली यांत तो फरक हाताला लागत नाही. त्याऐवजी तेच पैसे जास्त जागेवर घाला. एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते, त्यामुळे २५० जीबी वापरणाऱ्याने ५०० च्या आसपासची घ्यावी. आणि काहीशे रुपयांत कित्येक टीबी देणाऱ्या ऑनलाइन जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका. त्या डबीत बहुतेक वेळा एखादं मेमरी कार्ड निघतं.

स्वस्तातल्या काही लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी चिप मदरबोर्डवरच जडवलेली असते. ती बदलता येत नाही. तिथे प्रश्न संपला.

डिस्क बसवणं हे चार स्क्रूंचं काम आहे. वेळ लागतो तो जुन्यावरचं नव्यावर आणायला. दोन वाटा आहेत: विंडोज नव्याने टाकणं, किंवा क्लोनिंग, म्हणजे क्लोनझिलासारख्या मोफत प्रोग्रॅमने जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढणं. साफसफाईच्या दृष्टीने पहिली वाट बरी, आणि विंडोज १० किंवा ११ चा डिजिटल परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असल्याने तो जातही नाही. पण ज्यांच्याकडे मराठी टाइप करायची जुनी श्रीलिपी आहे, वीस वर्षांच्या मजकुराचे फॉन्ट आहेत आणि सीडी कुठल्या माळ्यावर आहे ते आठवत नाही, अशा डीटीपीवाल्यांनी क्लोनिंगच करावं. क्लोनिंगपूर्वी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये जुन्या डिस्कची तब्येत पाहावी. तिथे ‘गुड’ऐवजी ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं तर क्लोनिंगच्या ताणातच डिस्क मान टाकू शकते. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा, बाकीचं नंतर. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

एसएसडीने प्रोसेसर तरुण होत नाही, हेही सांगायला हवं. व्हिडिओ एडिटिंग तितकंच रेंगाळणार, गेम तितकाच अडखळणार. रॅम ४ जीबी असेल तर ब्राउझरचे दहा टॅब उघडल्यावर पुन्हा ओढाताण सुरू होते, म्हणून मशीन उघडलंच आहे तर ८ जीबी करून घ्यावी. फक्त डीडीआर-३ की डीडीआर-४ ते आधी पाहावं. दुसरी अडचण मायक्रोसॉफ्टची. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, शिवाय साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर ते अधिकृतपणे स्वीकारत नाही. अशा मशीनवर नेटबँकिंग करायचं असेल तर एसएसडी बसवतानाच लिनक्स मिंट टाकून पाहा. ते मोफत आहे, त्यात मराठी टाइप होतं, आणि पत्रं, बिलं, यूट्यूब एवढ्यासाठी पुरतं. टॅली किंवा श्रीलिपीवर पोट असलेल्यांना मात्र तो पर्याय नाही. त्यांनी ते मशीन इंटरनेटपासून तोडून वापरावं हे माझं मत.

काढलेली जुनी डिस्क लगेच पुसू नका. दोन-तीन आठवडे नवी नीट चालली की तिला यूएसबीच्या एन्क्लोजरमध्ये घालून बॅकअपला लावा. तिथे तिचा संथपणा आड येत नाही. हार्ड डिस्क मरण्याआधी बरेचदा कुरकुरते, एसएसडी बहुधा न सांगता एका सकाळी दिसेनाशी होते आणि तिच्यातलं परत मिळवणं फार कठीण जातं. शिवाय एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची वस्तूही नव्हे, काळ लोटला तसं तिच्यातलं हळूहळू पुसलं जाऊ शकतं. तेव्हा मशीन पळायला लागल्याच्या आनंदात पहिला बॅकअप त्याच आठवड्यात घ्या.