मर्वपासून मर्वपर्यंत

सेल्जुक घराण्याचं नशीब जिथे उघडलं, तिथेच ते फिरलं. आजच्या तुर्कमेनिस्तानातल्या मर्व शहराच्या मुलखात. मधली वर्षं अवघी ११३.

हे मूळचे ओघुझ तुर्क, मेंढरं-घोडी घेऊन कुरणामागे फिरणारे. सेल्जुकाचे नातू तुघ्रिल आणि चघरी खुरासानात उतरले ते चराईची जागा मागत. गझनीच्या दरबाराला मात्र त्यांच्यात लुटारूच दिसले. सोमनाथ लुटणाऱ्या महमूदाचा मुलगा मसूद स्वतः त्यांच्यावर चालून गेला. मे १०४० मध्ये मर्वजवळ दंदानकानला गाठ पडली. गझनीची फौज अवजड, सामानाने लादलेली आणि तहानेने कासावीस; समोर सडे घोडेस्वार. मसूद कसाबसा जीव वाचवून गझनीला पोचला, खजिना घेऊन हिंदुस्थानच्या वाटेला लागला आणि वाटेतच स्वतःच्या सैन्याच्या कैदेत पडला.

पुढची भरारी थक्क करणारी आहे. १०५५ मध्ये तुघ्रिल बगदादेत शिरला. १०७१ मध्ये त्याचा पुतण्या अल्प अर्सलान याने मंझिकर्टला बायझंटिन सम्राट रोमानोस चौथा याला जिवंत पकडलं. तुर्कांना अनातोलियाचा रस्ता मोकळा झाला तो इथून.

राज्याची घडी बसवली ती मात्र एका इराणी वजिराने. निझाम-उल-मुल्क हाच या काळाचा खरा कर्ता पुरुष. सुमारे तीस वर्षं कारभार त्याच्या हाती होता. त्याने उभारलेल्या बगदादच्या निझामिया मदरशात धर्मपंडित गझालीने शिकवलं. अल्प अर्सलानचा मुलगा सुलतान मलिकशाह याच्या आश्रयाला उमर खय्यामसारखे ज्योतिर्विद होते. त्यांची जलाली कालगणना १०७९ मध्ये सुरू झाली. १०९२ मध्ये वजिराचा खून झाला, सुमारे महिन्याभराने मलिकशाहही गेला आणि वारसांत जुंपली. त्या भाऊबंदकीतच पहिल्या क्रुसेडच्या फौजा सिरियात घुसल्या.

शेवटचा मोठा सुलतान संजर. बल्खजवळचे ओघुझ त्याच्या मुदपाकखान्यासाठी वर्षाला २४,००० मेंढ्या देत. वसुलीवरून तंटा पेटला. ओघुझांनी क्षमा मागितली, दंडही देऊ केला. सरदारांच्या आग्रहामुळे संजर तरीही लढला. आपले पूर्वजही असेच कुरण मागत आले होते, याचा त्याला पडलेला विसर घराण्याला फार महाग पडला. ११५३ मध्ये तो त्याच ओघुझांच्या हाती सापडला आणि मर्व लुटलं गेलं. तीन वर्षांनी तो सुटला खरा, पण ११५७ मध्ये वारला.

त्याची घुमटाची कबर मर्वच्या अवशेषांत आजही उभी आहे.