फौजेतली रायफल, मळ्यातले घर

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात सामान्य माणसाला बंदूक जवळून दिसते ती एकाच ठिकाणी, बँकेच्या दारात. माझी नोकरीची तीसेक वर्षे त्या दाराच्या आत गेली. आमचा गार्ड बहुधा माजी सैनिक असे आणि त्याच्या खांद्याला बारा बोअरची दुनळी असे. पीककर्जाला आलेला शेतकरी माझ्या टेबलापाशी येण्याआधी दारातच त्याला विचारी, "साहेबांचा मूड कसा आहे?" दर शनिवारी दुपारी कॅश बंद झाली की तो बंदूक उघडून, चिंधीला तेल लावून दोन्ही नळ्या पुसत बसे. माझ्या कारकिर्दीत त्या बंदुकीतून शाखेत एकही बार निघाला नाही. पण तिची शनिवारची पुसापुशी कधी चुकली नाही.

हे आठवायचे कारण म्हणजे आमच्या घरातली रायफल. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकच्या टेकडीवर पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी पलटण जपान्यांच्या वेढ्यात सापडली होती. तात्या त्या पलटणीत होते. लढाईच्या शौर्यकथा त्यांनी आम्हांला कधी सांगितल्या नाहीत. सांगत ते जपानी रायफलीबद्दल. ती सव्वा मीटरहून लांब आणि गोळी बारीक, साडेसहा मिलिमीटरची. लांब नळीमुळे बार झाला तरी तोंडाशी जाळ फारसा दिसत नसे. "गोळी कुठनं आली ते कळायचं नाही रे, झाडच गोळ्या मारतंय असं वाटायचं," असे ते म्हणत.

ती रायफल अरिसाका नावाने ओळखली जाते. अरिसाका नारिआकिरा या जपानी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली हा घाट घडला आणि १९०५ साली जपानी सैन्याने तो स्वीकारला. प्रत्येक रायफलीवर सम्राटाची शेवंतीची मुद्रा कोरलेली असे. १९४५ च्या शरणागतीच्या वेळी शस्त्रे शत्रूच्या हाती देण्यापूर्वी हजारो रायफलींवरची ती मुद्रा घासून टाकण्यात आली. राजाचे नाव पुसून मग हत्यार खाली ठेवायचे, असा तो भाव. पुढे अमेरिकन सैनिकांनी या रायफली आठवण म्हणून घरी नेल्या. कुणी दस्त्याचे लाकूड तासले, कुणी नळी कापून आखूड केली, कुणी अमेरिकेत मिळणाऱ्या काडतुसासाठी चेंबर बदलून घेतले, आणि शिपायाची रायफल हरणाच्या शिकारीची झाली. अशा रायफली घासूनपुसून पुन्हा चालवण्याचा छंद तिकडे अजून आहे.

आपल्याकडे हे काम घरच्या परसात होत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची नळी विनापरवाना आखूड करणे किंवा तिच्यावरचा क्रमांक खोडणे हा गुन्हा आहे. परंतु शिपायाची रायफल शिकाऱ्याची करण्याचा प्रकार आपल्याकडेही झाला, आणि तो खुद्द सरकारने केला! १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत आलेल्या कायद्याने हिंदी माणसाच्या हातातले हत्यार परवान्याच्या कुलपात गेले. त्यातही फौजेचे ३०३ बोअरचे काडतूस खाजगी माणसाला मिळू नये, असा इंग्रजांचा कटाक्ष होता. म्हणून त्याच ली-एन्फील्ड रायफलीची यंत्रणा ठेवून वेगळे, तीनशे पंधरा बोअरचे काडतूस घेणारी रायफल निघाली. स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारी आयुध निर्माण्यांनी तीच चालू ठेवली. बोल्ट फौजी, घोडा फौजी, फक्त गोळी नागरी. ३०३ बोअर मात्र सामान्य परवानेदाराला आजही निषिद्धच आहे.

तात्यांनी फौजेतून परतल्यावर काही वर्षांनी पीकसंरक्षणासाठी परवाना काढला आणि अशी एक रायफल घेतली. भीमाशंकरच्या बाजूने रानडुकरे उतरत आणि भुईमुगाचे शेत एका रात्रीत नांगरून ठेवत. तात्यांनी तिचा वापर मोजकाच केला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा, "आता ही देवळातली घंटा, नुसती असायची," असे म्हणून त्यांनी ती कपाटात ठेवली. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर घरी आणायची, एवढाच तिचा प्रवास उरला. तात्या गेले. नियमाप्रमाणे रायफल ठाण्यात जमा झाली. पुढे त्यांच्या मुलाने, माझ्या चुलतभावाने, जिल्हाधिकाऱ्यांकडून स्वतःच्या नावाने परवाना मिळवून ती सोडवून आणली, आणि पुन्हा कपाट!

दोन वर्षांपूर्वी भाऊने ती मला दाखवली तेव्हा तिची दशा बघवेना. आमच्याकडच्या पावसाळ्यांनी लोखंडावर तांबूस खवले चढवले होते आणि दस्त्याचे लाकूड कोरडे पडून चिरले होते. नळीच्या तोंडाशी तर कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. हे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हे. नळीत एवढासा अडथळा असताना बार केला तर पुढे जाऊ न शकलेला वायू नळी फाडतो आणि ती फाटते झाडणाऱ्याच्या हातात. घरातली बिघडलेली बंदूक शत्रूपेक्षा मालकालाच अधिक धोक्याची असते.

दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच करावी लागते. भाऊचा गुडघा दुखत होता, तेव्हा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर मी ती पुण्याला नेली. कायद्यात तशी तरतूद आहे, आणि बँकेत जन्म गेलेल्या माणसाला कागद हातात असला की धीर येतो. कारागीर वयस्क होता. त्याने आधी पॉलिशचा मोह आवरायला सांगितले. घासून चकचकीत केली तर क्रमांक आणि कारखान्याच्या खुणा झिजतील, आणि खुणा झिजलेले हत्यार म्हणजे संशयाचे हत्यार. त्याने तेलात भिजवलेल्या मऊ तारेच्या लोकरीने गंज अलगद उतरवला. दस्त्याला जवसाचे तेल बोटाने चोळून, वाळवून, पुन्हा चोळले. असे कित्येक दिवस चालले. नळी घासताना त्याने मला आत पाहायला सांगितले. आतले पिळाचे आटे काही ठिकाणी खड्डे पडून खाल्ले गेले होते. जुन्या काडतुसांच्या टोपीतले रसायन जळल्यावर नळीत क्षार उरतो, तो हवेतली ओल ओढतो आणि लोखंड कुरतडतो. म्हणून त्या काळी फौजेत गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतायची शिस्त होती. तात्या न्हाणीघरातल्या बंबाचे पाणी नळीत का ओतत, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

शेवटची तपासणी बोल्टची. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाच्या बुडामागे किती फट राहते, ते मापाच्या ठोकळ्याने पाहतात. फट जास्त असेल तर पितळी टोपण फुटून जळता वायू मागे, डोळ्याकडे येतो. ली-एन्फील्डच्या बोल्टचे डोके सुटे असते आणि ते बदलून ही फट दुरुस्त करता येते. आमच्या रायफलीची फट मापात निघाली.

रीतसर परवानगीने गोळीबार मैदानावर चाचणी झाली तेव्हा परवानेदार म्हणून भाऊनेच गोळ्या झाडल्या. मी मागे, कानात बोळे घालून उभा होतो. पहिला बार झाला आणि छातीत धक्का बसला. सिनेमातल्या आवाजाशी त्याचा काही संबंध नाही. पन्नास मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या ताटाएवढ्या जागेत लागल्या. कारागीर म्हणाला, "नळीच्या वयाला हे चांगलं आहे." भाऊ मात्र कागदाकडे पाहतच नव्हता. कागदामागच्या मातीच्या उंच बांधाकडे तो पाहत होता. "हा बांध नसता तर गोळी कुठवर गेली असती?" त्याने विचारले. कारागीर म्हणाला, "किलोमीटरभर लांब उभ्या माणसालाही मारील."

भाऊच्या या प्रश्नाचे मोल पुढे कळले. डिंभे, येडगाव, माणिकडोह या धरणांच्या पाण्याने आमच्या भागात ऊस आला आणि उसात बिबट्या. त्याच्या पिढ्या आता फडातच जन्मतात. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे आणि जुन्नर वन विभागाचे बरेचसे बळ याच एका प्राण्यामागे खर्ची पडते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याने माणसे मारली, त्यांत लहान मुलेही होती. लोक रस्त्यावर उतरले आणि अखेर वन विभागाने नेमलेल्या नेमबाजांनी एक बिबट्या टिपला. त्याच दिवसांत एका संध्याकाळी वस्तीवरची चारपाच माणसे भाऊकडे आली. "तुमच्याकडं रायफल आहे, चालू करून आणलीय. मग काढा की बाहेर!"

त्यांचा राग खोटा नव्हता. त्यांतल्या एकाची नात अंगणात खेळते आणि अंगणाला लागूनच ऊस आहे. भाऊने चहा दिला आणि शांतपणे सांगितले, "उसापलीकडं तुझीच वस्ती आहे. रात्री फडात मारलेली गोळी बिबट्याला लागंल का तुझ्या पोराला, हे मला सांगता येणार नाही." कायद्याचा मुद्दा त्याने काढलाच नाही, तो सर्वांना ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याच्या मागणीचा अर्ज मी लिहून दिला, आणि भाऊने त्या घराच्या अंगणाला तारेची जाळी आणि दिवा लावून घ्यायला पैसे दिले. माणसे गप्प झाली, पण समाधानाने गेली असे मी म्हणणार नाही. भीती एवढ्याने जात नाही.

मग दुरुस्ती कशाला केली, असे कुणी विचारील. मला वाटते, जे हत्यार घरात आहे त्याची पुरती माहिती असलेला माणूसच ते बाहेर न काढण्याचा निर्णय ठामपणे घेऊ शकतो. गंजलेली रायफल घेऊन तो नुसता "नको" म्हणाला असता तर लोकांना तो भित्रा वाटला असता.

आता प्रश्न पुढच्या पिढीचा आहे. बँकेच्या खात्याला नॉमिनी लावता येतो, परवान्याला तसा लावता येत नाही. परवाना माणसाबरोबर संपतो आणि वारसाला हत्यार आधी जमाच करावे लागते. पुतण्या चाकणच्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याला भाऊने स्पष्ट सांगितले आहे, "सांभाळायला सवड असेल तर प्रशिक्षण घे, अर्ज कर. नसेल तर ठाण्यातून परत आणू नकोस." पुतण्याने अजून उत्तर दिलेले नाही. सध्या सुट्टीला आला की तो भाऊशेजारी बसून नळीतून तेलाची चिंधी ओढायला शिकतो आहे.