आकस्मिक वैद्यकीय उपचार : हृदय, मेंदू आणि उदर

आकस्मिक आजारात निदानाइतकेच महत्त्व वेळेला असते. हृदयविकाराच्या झटक्यात बहुधा रक्ताच्या गुठळीने हृदयधमनी बंद होते व हृदयाचे स्नायू मृत होऊ लागतात. त्यामुळे रुग्णालयात पोहोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी काढणे अपेक्षित असते.

पक्षाघात गुठळीमुळे किंवा मेंदूतील रक्तस्रावामुळे होतो. केवळ लक्षणांवरून हा भेद निश्चित होत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन आवश्यक ठरतो. गुठळी विरघळविणारे औषध सर्वसाधारणपणे ४.५ तासांच्या आत द्यावे लागते. रक्तस्रावात मात्र तेच प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच हृदयविकारात उपकारक असणारी अ‍ॅस्पिरिन पक्षाघाताच्या रुग्णास तपासणीपूर्वी देऊ नये.

तीव्र पोटदुखीमागे अपेंडिक्सचा दाह, जठरास पडलेले छिद्र किंवा आतड्याचा पीळ असू शकतो. अशा वेळी रेचक देणे अपायकारक असते. शिवाय पोटाच्या वरच्या भागातील वेदना हृदयविकाराचीही असू शकते, विशेषतः मधुमेही व वृद्ध रुग्णांत. ती ‘पित्त’ समजून घरगुती उपाय करण्यात मोलाचा वेळ जातो.

महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तथापि ती बोलाविण्याचा निर्णय घरातच होतो. सारांश, उपचाराचा आरंभ रुग्णालयात नव्हे, तर लक्षण ओळखणाऱ्या व्यक्तीपासून होतो.