श्वास मोजून द्यायचा असतो

डोक्याला जबर मार लागलेलं मूल मुलांच्या अतिदक्षता विभागात येतं, तेव्हा घरच्यांची नजर ऑक्सिजनच्या आकड्यावर खिळलेली असते. ९८ दिसले की त्यांचा जीव भांड्यात पडतो. आम्ही डॉक्टर मात्र उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बघत असतो.

टाळू भरलेल्या मुलाची कवटी ताणली जात नाही. मेंदू सुजला की आतला दाब चढतो. कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त येतं आणि दाब आणखी चढतो. मग व्हेंटिलेटरचा वेग वाढवून कार्बन डायऑक्साइड खाली का आणायचा नाही? एकेकाळी तसंच करत. दाब उतरायचाही. पण वाहिन्या आकसल्या की मेंदूला रक्त पुरत नाही आणि मारातून वाचलेल्या पेशी उपाशी मरतात. म्हणून रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा ३५ ते ४० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास ठेवतो. पहिल्या ४८ तासांत तो उगाच ३० च्या खाली नेऊ नये, असं मुलांच्या मेंदूच्या इजेवरची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. एका डोळ्याची बाहुली अचानक मोठी झाली, मेंदू खाली सरकतोय अशी शंका आली, तरच थोडा वेळ श्वास जलद.

सगळ्यात जोखमीचं काम सक्शनचं. श्वासाच्या नळीत कफ साचला तर कार्बन डायऑक्साइड चढतो, आणि कफ काढायला गेलं की खोकल्याने दाब उसळतो. आमच्या सिस्टर आधी गुंगीचं औषध देतात, ऑक्सिजन शंभर टक्के करतात. डोकं तीस अंश उचललेलं, मान सरळ. नळीची पट्टी गळ्यावर आवळली तर मेंदूतलं रक्त नीट उतरत नाही, म्हणून तिच्याखाली बोट घालून पाहतात. मग कॅथेटर आत, दहा सेकंदांत बाहेर. दाब १४ वरून २६ वर जातो. नवा डॉक्टर लगेच पुन्हा हात पुढे करतो. "थांबा सर, उतरू दे आधी." २० च्या खाली आल्याशिवाय त्या दुसऱ्यांदा कॅथेटर घालू देत नाहीत. महागड्या यंत्रापेक्षा मला या थांबण्याचं मोल जास्त वाटतं.

"तो स्वतः श्वास का घेत नाही?" आई विचारते. "ताई, आम्हीच औषधं देऊन त्याला झोपवलंय, मेंदूला आराम पडावा म्हणून." हे तिला रोज नव्याने सांगावं लागतं, आणि सांगायलाच हवं.

नुकसान पुष्कळदा आमच्यापर्यंत पोचण्याआधी, वाटेतच होतं. रुग्णवाहिकेत अँबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबणारा घाबरलेला असतो, हात भराभर चालतो आणि मूल पोचतं तेव्हा कार्बन डायऑक्साइडचा आकडा २५ वर गेलेला असतो. तालुक्याच्या गावातून अशी मुलं पाठवणाऱ्या डॉक्टरांना आणि गाडीतल्या सहकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे: बॅग साधारण तीन सेकंदांना एकदा दाबा, तान्ह्या बाळाला किंचित जलद. छाती उचललेली दिसली की पुरे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ असेल तर तो निघतानाच जोडा.