जांभ्यातील पाया आणि सुरक्षेचे ज्ञान

पाचगणीचे पठार जांभ्याने आच्छादिलेले असून त्याखाली काळा पाषाण आहे. या दोहोंच्या मध्ये पाषाण कुजून झालेला, चिकणमातीसारखा मऊ थर बहुधा आढळतो. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून खाली उतरते व या थरावर येऊन अडते. पायाचा खड्डा तेथपर्यंत पोचला, म्हणजे वरचा जांभा दिसण्यात भक्कम राहतो. आधार मात्र तळाशी सुटत असतो. उन्हाळ्यात उभी राहिलेली बाजू पहिल्या वळिवानंतरही तशीच राहील, हे गृहीत धरणे म्हणूनच घातक होय. एक घनमीटर ओली माती दीड टनाहून अधिक भरते. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाचे तोंड मोकळे असले, तरी त्याला श्वास घेणे अशक्य होऊ शकते.

यासंबंधीचे नियम काही गुप्त नाहीत. खणलेली माती चराच्या काठापासून दीड मीटर अथवा खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अधिक असेल तितके अंतर सोडून टाकावी, असे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची सुरक्षा-संहिता सांगते. परंतु हे खणणाऱ्यास कोण सांगतो? 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने सुरक्षा समिती आवश्यक ठरविली ती 500 वा अधिक कामगारांच्या आस्थापनांत. 2020 च्या संहितेने बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमणे आवश्यक ठरविले ते 250 वा अधिक कामगार असतील तेथे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून घोषित झाला व बांधकामावर निर्बंध आले. येथील दहा-वीस माणसांच्या बंगल्याच्या कामाला दोन्ही आकडे सारखेच दूरचे.

अशा कामावर ज्ञान मुकादमाच्या तोंडून चालते. मुरलेला बेलदार पहारीच्या आवाजावरून दगड पोकळ की भरीव हे ओळखतो. पावसाळ्यात टोळी पांगली की हे ज्ञानही पांगते. त्याहून मोठी हानी मौनाने होते. परांचीची फळी निसटली, कोणी पडले नाही, की गोष्ट तेथेच मिटते. बोलणाऱ्यास रोजगार जाण्याचे भय असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1988 च्या करारात (क्र. 167) गंभीर धोका समोर दिसताच काम सोडून बाजूला होण्याचा कामगाराचा अधिकार मान्य केला आहे, त्याचे महत्त्व येथे कळते.

भिंतीवरील फलकाने हे साधणार नाही. रोज कामाला हात लावण्यापूर्वी मुकादमाने सर्वांना खड्ड्याच्या काठापासून सुरक्षित अंतरावर उभे करावे, कालची भेग आज किती रुंदावली हे दाखवावे आणि पहिला प्रश्न सर्वांत नव्या मजुराला विचारावा. जुन्यांच्या देखत तो आपणहून बोलत नाही.